'मॅकबेथ': राजाला मुजरा की राजाला प्रश्न?

तिसरी घंटा
शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये सरदार मॅकबेथ घरी पाहुणा आलेल्या स्कॉटलंडच्या राजा डंकनचा झोपेत खून करून गादी बळकावतो. त्यावर बोलताना महत्त्वाकांक्षा आणि पापाची टोचणी यांवरच चर्चा होते. ते लिहिलं कुणाच्या राज्यात, हे मागे पडतं. माझ्या मते हे जेम्स राजाची मर्जी राखणारं नाटक आहे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला आणि शेक्सपिअरची मंडळी 'किंग्ज मेन' झाली. नोव्हेंबर १६०५ मध्ये राजाला उडवण्यासाठी पार्लमेंटखाली ठेवलेली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपं सापडली. नाटक साधारण १६०६ चं. नाटकात मॅकबेथचा सोबती बँको याचे वंशज राजे होतील, असं चेटकिणी सांगतात; जेम्सचं स्टुअर्ट घराणं स्वतःला याच बँकोचे वंशज मानत असे. शेक्सपिअरने जिच्यावरून कथा घेतली त्या होलिन्शेडच्या बखरीत हाच बँको डंकनच्या खुनात सामील आहे, नाटकात मात्र त्याचे हात स्वच्छ! चेटकिणींवर तर जेम्सने १५९७ मध्ये स्वतः ग्रंथ लिहिला होता. चौथ्या अंकात बँकोच्या वंशातल्या आठ राजांची मिरवणूक निघते आणि शेवटच्याच्या हाती पुढचे वंशज दाखवणारा आरसा असतो. याहून उघड मुजरा कोणता?

पिटातला प्रेक्षक
पुरावे बरोबर, निष्कर्ष चूक. तिसऱ्या अंकाच्या तोंडाशी बँकोचं स्वगत आहे, ते वाचा. मॅकबेथने गादीसाठी काळंबेरं केलं असा त्याला दाट संशय आहे. तरी तो गप्प राहतो, कारण भाकीत आपल्या वंशाबाबतही खरं ठरेल ही आशा. भाटाने हे स्वगत लिहिलंच नसतं.

आणि शेवट? स्कॉटिश राजांच्या अभिषेकाच्या जागी, स्कोनला, अभिषेक झालेल्या राजाचं, म्हणजे मॅकबेथचं, मुंडकं मॅकडफ हा सरदार उडवतो, तेही इंग्रज फौज आणून. राजा जुलमी असला तरी प्रजेला उठावाचा हक्क नाही, असं जेम्सने १५९८ मध्ये लिहिलं होतं. त्याचाच शिक्षक जॉर्ज ब्यूकॅनन १५७९ मध्ये नेमकं उलट मांडून बसला होता. त्या पुस्तकावर स्कॉटिश पार्लमेंटने १५८४ मध्ये बंदी घातली. नाटक कुणाच्या बाजूने संपतं, सांगा.

तिसरी घंटा
मॅकबेथ राजा नव्हे, गादी बळकावणारा. डंकनने पहिल्याच अंकात आपल्या मुलाला, माल्कमला, 'कंबरलंडचा राजपुत्र' म्हणून वारस नेमलं आहे. शेवटी गादी हक्काच्या धन्याकडे परत जाते. जेम्सला यात खटकण्यासारखं काय?

विंगेतून
ती नेमणूकच तर गोम आहे. अकराव्या शतकातल्या स्कॉटलंडात गादी बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे, राजघराण्याच्या शाखांमधून कर्ता पुरुष पुढे येई. म्हणून डंकनला जाहीर करावं लागतं आणि मॅकबेथला ती वाटेत आडवी आलेली पायरी वाटते.

खरा डंकन १०४० मध्ये एल्गिनजवळ लढाईत पडला, बिछान्यात नाही. मॅकबेथने पुढे १७ वर्षं राज्य केलं. होलिन्शेडही त्याला दहा वर्षांच्या चांगल्या कारभाराचं श्रेय देतो. बायकोची चिथावणी आणि पाहुण्या राजाचा झोपेत खून, हे शेक्सपिअरने त्याच बखरीतल्या राजा डफ आणि त्याचा खुनी डॉनवल्ड यांच्या कथेतून आणलं. ती दहा वर्षं गाळली, हा 'तिसरी घंटा'च्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि तो इथे कुणी मांडलाच नाही.

पिटातला प्रेक्षक
गाळली हे मान्य. पण मग चौथ्या अंकातला इंग्लंडमध्ये घडणारा लांबलचक प्रवेश कशाला? मॅकडफची परीक्षा घेण्यासाठी माल्कम स्वतःवर वासना आणि लोभाचे खोटे आरोप करतो, आणि मॅकडफ दोन्ही पोटात घालायला तयार होतो! हक्काच्या वारसाचे किती अवगुण खपवून घ्यायचे, हा प्रश्न भर रंगमंचावर विचारलेला आहे. प्रयोगात बहुधा याच संवादाला कात्री लागते. मग मॅकडफ फक्त मॅकबेथने मारवलेल्या बायकामुलांसाठी सूड घेणारा उरतो आणि राजकारण बुडतं. मराठीत शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये जेम्सचा संदर्भ उरला नाही, तरी नाटक उभं राहिलं. ते कशाच्या जोरावर?

तिसरी घंटा
उभं कशावर राहिलं हे वेगळं, लिहिलं कशासाठी हे वेगळं. त्याच इंग्लंडच्या प्रवेशात इंग्लंडचा एडवर्ड राजा नुसत्या स्पर्शाने गंडमाळा (मानेवरच्या गाठींचा रोग) बऱ्या करतो आणि ही शक्ती पुढच्या राजांना मिळेल, असंही सांगितलं जातं. कथेला त्याची काडीचीही गरज नाही. सिंहासनावर बसलेल्याला होती.