रोजच्या त्याच रस्त्याने चालताना कल्पनाशक्तीला नेमके काय काम द्यावे?

नित्यपथिक :

घर ते कार्यालय हे सव्वादोन किलोमीटरचे अंतर मी रोज पायी जातो आणि संध्याकाळी पायीच परततो. चालण्याने प्रकृतीला होणारे फायदे मला मान्य आहेत, माझी अडचण वेगळी आहे. रस्ता इतका पाठ झाला आहे की तो आता मला दिसतच नाही. कानात गाणी लावून चालणे मी सोडून दिले, कारण मागून येणाऱ्या वाहनांचा अंदाज येत नाही. 'कल्पना करत चाला, म्हणजे कंटाळा येणार नाही' असा सल्ला पुष्कळांनी दिला. पण मोकळे सोडलेले मन दोन मिनिटांत रखडलेल्या कामांकडे वळते आणि कार्यालयात पोहोचण्याआधीच मी दमलेला असतो. रस्ता बदलणे शक्य नाही, कारण दुसऱ्या रस्त्याला पदपथच नाही. ज्यांना हे साधले आहे, त्यांनी कल्पनेला काय काम दिले, हे कृपया सविस्तर सांगावे.

मोजपट्टी :

आपल्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. 'काहीही कल्पना करा' असे सांगितले की मन सवयीच्या जागी, म्हणजे काळजीकडे जाते. त्याला एखादे ठरलेले माप दिले तर ते त्या मापाला चिकटून राहते, आणि आपल्याकडे असे माप आयतेच आहे : सव्वादोन किलोमीटर.

घराच्या दारात सूर्य आहे असे समजा आणि सूर्यमालेतील प्रत्येक अंतर शंभर कोटी पटींनी लहान करा. या प्रमाणात सूर्याचा व्यास सुमारे १.४ मीटर होतो, म्हणजे दार जवळजवळ भरून जाईल. ५८ मीटरवर बुध, १०८ मीटरवर शुक्र आणि १५० मीटरवर पृथ्वी लागते, जिचा व्यास जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरतो. चंद्र तिच्यापासून ३८ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण अर्ध्या पावलावर आहे. माणूस आजवर अंतराळात स्वतः गेला आहे तो एवढ्याच टप्प्यात. मंगळ २२८ मीटरवर येतो आणि त्यानंतर गुरूपर्यंत तब्बल साडेपाचशे मीटर चालावे लागते. या पट्ट्यात लघुग्रह आहेत खरे, पण त्यांतील सर्वांत मोठा सेरेससुद्धा या प्रमाणात एक मिलिमीटरपेक्षा लहान असल्यामुळे तो आपल्या पायाखालून गेला तरी कळणार नाही. गुरू ७७८ मीटरवर आणि शनी १,४३० मीटरवर. युरेनस २,८७० मीटरवर असल्याने आपले कार्यालय शनी आणि युरेनस यांच्या मधल्या पोकळीत पडते, याला माझा इलाज नाही.

यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगाची आहे. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला फक्त ३० सेंटिमीटर पुढे सरकतो. आपण सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालता, म्हणजे प्रकाशाच्या चौपट वेगाने जाता. घरातून आपल्याबरोबर निघालेला सूर्यकिरण पृथ्वीपर्यंत पोहोचायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ घेतो. आपण तिथे दोन मिनिटांत पोहोचलेले असता. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र याच प्रमाणात सुमारे चाळीस हजार किलोमीटरवर येतो, म्हणजे त्यासाठी आपल्याला खऱ्या पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागेल.

प्रत्येक ग्रहासाठी रस्त्यावरची एक खूण कायमची नेमून टाकावी : दिव्याचा खांब, फाटक, वळण. खुणा एकदा बसल्या की मोजावे लागत नाही आणि त्या जागा नव्याने दिसू लागतात.

जुनी भिंत :

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यात रस्ता केवळ मोजपट्टी म्हणून उरतो अशी माझी थोडी तक्रार आहे. माझा कल उलट दिशेचा आहे. समोर जे आहे त्याच्याकडेच पुरावा म्हणून पाहावे आणि कल्पनेने त्यामागची घटना जुळवावी.

एक उदाहरण देते. जुनी इमारत पाडली की शेजारच्या इमारतीच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर तिचा उभा छेद शिल्लक राहतो. माझ्या वाटेवर अशी एक भिंत आहे. तिच्यावर जिन्याची नागमोडी खूण खालून वरपर्यंत गेलेली आहे. एका मजल्याचा रंग फिकट निळा, त्याच्या वरचा गुलाबी. एका कोपऱ्यात कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा आणि त्यांच्या वर धुराचा काळसर पट्टा, म्हणजे तिथे स्वयंपाकघर होते. निळ्या भिंतीत तीन खिळे एका ओळीत आहेत आणि चौथा बराच खाली, मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. तो कोणी आणि कशासाठी ठोकला असेल, याचा विचार करण्यात माझी कितीतरी चालणी गेली आहेत आणि रोज नवे उत्तर मिळते.

प्रत्येक रस्त्यावर अशी भिंत नसते, पण डांबरावर ठिगळे असतातच. सरळ लांबट ठिगळ म्हणजे त्याखालून नळ किंवा तार गेलेली असण्याचा संभव. ते कोणत्या घरापाशी वळते ते पाहावे. खिडकीची चौकट असून आत विटा भरलेल्या असतील, तर ती खिडकी कोणाला नकोशी झाली होती? हिरवळीच्या तुकड्यावर आखलेली वाट सोडून लोकांनी तिरपी पायवाट पाडलेली असेल, तर नियोजकाचा अंदाज कुठे चुकला? येथे कल्पनेला समोरच्या वस्तूचा लगाम असतो, म्हणून ती काळजीकडे पळत नाही.

डोळ्यांना कंटाळा आला तर हेच काम कानांना द्यावे. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९७०च्या दशकात मरे शेफर आणि हिल्डेगार्ड वेस्टरकॅम्प यांनी केवळ ऐकण्यासाठी चालण्याची रीत विकसित केली. वाहनांच्या सततच्या घरघरीमागे कोणता आवाज दडला आहे आणि तो किती अंतरावरून येतो, एवढेच शोधायचे. आपण कानांतील गाणी सोडलीच आहेत, तेव्हा हे आपल्याला सहज जमावे.

शंकेखोर :

दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी काही गोष्टींची नोंद करावीशी वाटते.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. शनी कुठे येतो याचा हिशेब रस्ता ओलांडताना करू नये. चौक आला की खेळ थांबला, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. अंधार पडल्यावर एकटीने चालणाऱ्या स्त्रीचे लक्ष मागच्या पावलांकडे असते, ते तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे वळवावे असे कोणी सुचवू नये. त्या वेळेचे चालणे हे वेगळेच चालणे आहे.

दुसरी गोष्ट, कल्पनेचा आराखडा फार पक्का केला तर त्याचेही कार्यालय होते. नाझी राजवटीतील मंत्री आल्बर्ट श्पेअर युद्धगुन्ह्यांसाठी वीस वर्षांची शिक्षा भोगत असताना १९५४ पासून तुरुंगाच्या बागेत २७० मीटरच्या फेऱ्या मारू लागला. एका खिशातला दाणा दुसऱ्या खिशात टाकून तो फेऱ्या मोजत असे आणि जणू बर्लिनहून निघून आशिया ओलांडत पुढे चालला आहे अशी कल्पना करत, नकाशे आणि प्रवासवर्णने वाचून वाटेतला प्रदेश डोळ्यांसमोर आणत असे. १९६६ मध्ये सुटका होईपर्यंत तो मनाने मेक्सिकोत पोहोचला होता आणि हिशेब तीस हजार किलोमीटरच्या पुढे गेला होता. त्या माणसाबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही. पण ही युक्ती भिंतीआड अडकलेल्याची आहे, आणि शहरातल्या रस्त्यावर, जिथे समोरून खरी माणसे येत असतात, तिथे ती जशीच्या तशी उचलणे मला पटत नाही.

यापेक्षा गी दबोर या फ्रेंच लेखकाने १९५५ मध्ये नोंदवलेला प्रकार मला अधिक रुचतो. त्याचा एक मित्र लंडनचा नकाशा हाती घेऊन, त्यातील सूचना तंतोतंत पाळत, जर्मनीच्या हार्ट्झ प्रदेशात भटकला होता. चुकीचा नकाशा आणि खरी जमीन यांचा मेळ बसत नाही, आणि गंमत त्या न बसण्यातच आहे. आपला रस्ता ठरलेला असला तरी मनातला नकाशा दुसऱ्या शहराचा असायला काय हरकत आहे?

नित्यपथिक :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूर्यमालेचा प्रयोग करून पाहिला; गुरू एका बंद पडलेल्या कारंज्यापाशी येतो. त्याआधीचा साडेपाचशे मीटरचा रिकामा पट्टा मला पूर्वी सर्वांत कंटाळवाणा वाटत असे, आता तो रिकामा असणेच योग्य वाटते. अडचण संध्याकाळची आहे. परतताना डोके इतके शिणलेले असते की भिंती वाचण्याचे त्राण नसते आणि ग्रह उलट्या क्रमाने मोजण्यात मजा येत नाही. थकलेल्या मनाला झेपेल असे काही आहे का?

मोजपट्टी :

संध्याकाळी अंतराऐवजी काळ घ्यावा. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि आपला रस्ता साधारण २,२७० मीटरचा धरला तर एक मीटर म्हणजे वीस लाख वर्षे, असा सुबक हिशेब बसतो. कार्यालयाच्या दारात पृथ्वीचा जन्म आणि घराच्या उंबऱ्यावर आजचा क्षण. सूक्ष्म जीवांच्या सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा साधारण पाचशे मीटर चालल्यावर येतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, ती जागा निम्मा रस्ता होण्याच्या थोडी आधी येते. त्यापुढे बराच वेळ डोळ्यांना दिसेल असे फारसे काही घडत नाही, आणि थकलेल्या माणसाला तेच हवे असते. नाना प्रकारचे प्राणी घराच्या अलीकडे पावणेतीनशे मीटरवर अवतरतात, डायनोसॉर ३३ मीटरवर नष्ट होतात, आणि आपली मानवजात शेवटच्या १५ सेंटिमीटरमध्ये येते. लेखनकलेचा सारा इतिहास अडीच मिलिमीटरमध्ये बसतो. तेव्हा दिवसभरात आलेल्या पत्रांची काळजी किती करावी, हे आपणच ठरवावे.

त्राण अगदीच नसेल त्या दिवशी हेही सोडून द्यावे. २०२० साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ज्येष्ठ नागरिकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे चालताना केवळ विस्मय वाटेल असे काही शोधायला सांगितले होते. चालताना स्वतःची छायाचित्रेही काढायची होती, आणि पुढे पुढे त्या चित्रांत माणूस लहान व भोवतालचे दृश्य मोठे होत गेले. यासाठी कसलाही हिशेब लागत नाही. काळाचा प्रयोग करायचा झाल्यास मात्र शेवटचे ३३ मीटर एकदा टेपने मोजून घ्यावेत, कारण भ्रमणध्वनीवरील नकाशा इतक्या लहान अंतरात हमखास चुकतो.