वर्कशॉप बार्शीहून कोल्हापूरला हलवू का? शेजारामुळे खरंच नवं तंत्र शिकायला मिळतं का?

पेरणीयंत्र_बार्शी

नमस्कार मंडळी. बार्शीत माझं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरवर चालणारी पेरणी यंत्रं बनवतो, वर्षाला साधारण दीडशे. गिअरबॉक्सच्या घराचं बिडाचं कास्टिंग कोल्हापूरहून येतं, बाकी सगळं इथेच होतं.

गेल्या वर्षी ते घर बोल्टच्या कानापाशी तडकायला लागलं. उपाय आम्हाला सुचला होता, पण पॅटर्न (ज्याच्यावरून वाळूचा साचा काढतात ती प्रतिकृती) दुरुस्त करायचा, नमुना ओतायचा, तो टेम्पोनं इथे आणायचा, मशिनिंग करून शेतात चालवून बघायचा, या एका फेरीला अठरा-वीस दिवस जायचे. तीन फेऱ्या झाल्या आणि मृगाची पेरणी हातची गेली. अकरा शेतकऱ्यांना यंत्रं परत घेऊन पैसे दिले. ते अजून मनातून जात नाही.

मेहुणे म्हणतात, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गाळा घे. माझा प्रश्न असा आहे: तिथे गेल्यानं फक्त टेम्पोभाडं आणि दिवस वाचतील, की माझं यंत्रही सुधारेल? 'क्लस्टरमुळे, म्हणजे एकाच धंद्याची माणसं एका ठिकाणी जमल्यानं, नवं तंत्रज्ञान येतं' असं प्रत्येक कार्यशाळेत ऐकतो. पण मी कोल्हापुरात जातो तेव्हा शंभर जण तेच कास्टिंग त्याच भावात करताना दिसतात. मग नवं येतं कुठून? ज्यांनी आत राहून बघितलंय त्यांनी सांगावं.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

दादा, बत्तीस वर्षं पॅटर्न बनवतोय. वडील सागवानात करायचे, मी लाकडावरून अ‍ॅल्युमिनियमवर आलो, पोरगं आता संगणकावर मॉडेल काढून सीएनसीवर कापतं. तेव्हा आतलंच सांगतो.

आधी हा कारभार कोल्हापुरात का सुरू झाला ते बघा. इथे ना लोखंडाची खाण, ना कोळसा, ना बंदर. इथे होता ऊस. पंचगंगेचं पाणी उसाला चढवायला विलायती ऑइल इंजिनं आली, आणि ती बंद पडायला लागली. सुटा भाग विलायतेहून यायला महिने लागायचे, तोवर ऊस वाळायचा. म्हणून इथल्या मिस्त्रींनी तुटलेला भाग समोर ठेवून तसाच ओतायला सुरुवात केली. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, आजही मान देऊन घेतात ते याच पिढीच्या कारागिरीसाठी. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल अडला, तसे भाग बनवणारे हात अख्खं इंजिन बनवायला लागले. तुमच्यासारखीच तंगी होती ती, हंगाम थांबत नाही ही.

आता नवं कुठून येतं ते. माझं एक उदाहरण सांगतो. एका पंपाच्या घरात ब्लो होल (अडकलेल्या हवेची भोकं) येत होते, दहातले चार नग बाद. मोल्डर (वाळूचा साचा भरणारा) म्हणायचा वाळू ओली आहे, भट्टीवाला म्हणायचा कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) कच्चा आहे. मी बाद झालेला एक नग कापून घेतला आणि चहाच्या गाड्यावर नेऊन ठेवला. तिथे पलीकडच्या गल्लीतला कोअर करणारा उभा होता. त्यानं भोकं बघितली, बोट फिरवलं आणि म्हणाला, हवा कोअरच्या आतून निघायला वाटच नाही, कोअर प्रिंटमधून, म्हणजे कोअर साच्यात टेकतो त्या टोकातून, व्हेंट काढा. त्याच संध्याकाळी कोअर बॉक्स बदलला, दुसऱ्या दिवशी भट्टी लागली तेव्हा ओतलं, भोकं गेली. त्या माणसानं पैसे घेतले नाहीत. त्याला ते ठाऊक होतं, कारण महिन्यापूर्वी हीच भानगड त्यानं तिसऱ्याच फाउंड्रीत निस्तरली होती.

इथली विद्या अशी फिरते. मोल्डर एक फाउंड्री सोडून दुसरीकडे जातो, साच्याच्या वाळूत घालायची बेंटोनाइट माती विकणारा दिवसाला आठ भट्ट्या बघतो, लेथवाल्याला सगळ्यांच्या मालाची खोड कळते. मालकाला वाटतं आपलं गुपित आपल्याजवळ आहे, पण ते फार दिवस राहत नाही. याचा त्रासही आहे. मी स्वतः सहा महिने खपून एका कास्टिंगची रनर-रायझरची (साच्यात धातू नेणाऱ्या आणि भर घालणाऱ्या वाटांची) मांडणी बसवली होती, दोन महिन्यांत ती तीन ठिकाणी दिसली. तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, मीही कुणाकडून तरी असंच उचललं होतं.

दुसरी गोष्ट, एकट्याला न झेपणारी साधनं. पूर्वी आम्ही धातू कसा आहे ते पाचरीएवढा तुकडा ओतून, तो मोडून, टोकाला पांढरं किती आलं त्यावरून ठरवायचो. जुना भट्टीवाला त्यावरून बरोबर सांगायचा, पण मोठा ग्राहक आकडा मागतो. त्याला स्पेक्ट्रोमीटर (धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र) लागतो आणि छोट्या फाउंड्रीला तो परवडत नाही. इथे नमुना घेऊन स्कूटरवरून लॅबमध्ये जाता येतं. वापरलेल्या वाळूचंही तेच. रेझिन (वाळू घट्ट धरणारा चिकट पदार्थ) लावलेली वाळू पुन्हा वापरायची तर ती तापवून रेझिन जाळावं लागतं, ते यंत्र एकट्यानं घेणं आतबट्ट्याचं. तो प्रकल्प क्लस्टरच्या योजनेतून सामायिक उभा राहिला. त्यासाठी एकमेकांचे ग्राहक पळवणारी माणसं एका टेबलाभोवती बसली, हे मला फार मोठं वाटतं.

आता तुमचा खरा प्रश्न, सगळे तेच का करतात. दादा, याचं उत्तर बिलात आहे. कास्टिंगचा भाव आमच्याकडे किलोवर ठरतो. तुमचं घर समजा चौदा किलोचं आहे. मी पॅटर्नमध्ये जिथे ताण नाही तिथली भिंत पातळ केली आणि कानापाशी रिब (आधाराची पट्टी) दिली, तर ते साडेअकरा किलोत होईल आणि जास्त टिकेल. पण फाउंड्रीवाल्याचं काय होतं? साचा तेवढाच मोठा, मजुरी तेवढीच, पातळ भिंतीत धातू पोचेपर्यंत गार होण्याची भीती जास्त, आणि बिल अडीच किलोनं कमी. तो का करेल? मी एका ठिकाणी असा हलका पॅटर्न फुकट करून दाखवला होता. मालकानं हात जोडले आणि जुनाच चालू ठेवला. त्याचा रागही करता येत नाही.

म्हणून शिरोलीला येण्याआधी एक करून बघा. भाव किलोवर धरू नका, नगावर धरा. हलकं झालं तर वाचलेल्या धातूतला वाटा फाउंड्रीला द्या.

अर्थशास्त्र_सांगली

पॅटर्नवाले काकांनी जे बिलाचं सांगितलं, ते मी वर्गात शिकवते, फक्त माझं उदाहरण सियालकोटचं असतं. पाकिस्तानातल्या त्या शहरात जगभरासाठी हातशिलाईचे फुटबॉल बनतात. एका चेंडूला 20 षटकोनी आणि 12 पंचकोनी तुकडे लागतात. पंचकोन कापताना रेक्झिन वाया जातं, म्हणून काही अर्थतज्ज्ञांनी कमी वाया घालवणारी नवी डाय (तुकडे कापायचा साचा) तयार करून घेतली आणि तिथल्या कारखान्यांना फुकट दिली. फायदा उघड होता, तरी सव्वा वर्षानंतरही फार थोड्यांनी ती वापरली.

कारण कापणारा कारागीर नगावर मजुरी घेत होता. नव्या डायनं सुरुवातीला हात मंदावतो, त्याची कमाई घटते, आणि वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मालकाचा. मग काही कारागीर मालकाला सांगायचे की डाय चांगली नाही. अभ्यासकांनी नंतर काही कारखान्यांत, नवी डाय चालवून दाखवणाऱ्या कारागिराला साधारण महिन्याच्या पगाराएवढं बक्षीस देऊ केलं. तिथे वापर वाढला.

तेव्हा बार्शीकर दादा, काकांचा सल्ला फाउंड्रीच्या मालकापाशी थांबवू नका. मोल्डरला काय मिळतं तेही विचारा. माझे विद्यार्थी अहवाल लिहितात त्यात संघटना, अनुदान, रस्ते, वीज सगळं असतं, कारागिराच्या मजुरीचा हिशोब कुणी विचारत नाही. माझी त्याबद्दल कळकळीची तक्रार आहे.

बेळगावचा_लेथवाला

थोडं वेगळं मत मांडतो. बेळगावातही फाउंड्र्या आहेत, मी त्यांचं मशिनिंग करतो. माझ्याकडे मोठा बदल गल्लीतून आला नाही, ग्राहकाच्या तपासनिसाकडून आला. गाडीच्या कंपनीचा माणूस यायचा, दर तासाला मोजमाप लिहा म्हणायचा, नाही तर ऑर्डर बंद. पहिली दोन वर्षं फार जड गेली. पण त्यामुळेच कोणत्या मशीनवर बोअर (भोकाचं माप) कधी सरकतो ते कळलं. शेजारी सगळे एकाच पातळीचे असतील तर एकमेकांना तेवढंच शिकवतात. वरचं मागणारं कुणीतरी लागतं.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

बेळगावकर, पटलं. आमच्याकडेही इंजिनाच्या काळात तो मागणारा शेतकरी होता. इंजिन बंद पडलं की रात्री दाराशी यायचा. मग वाहनांच्या कंपन्या आल्या. बार्शीकरांकडे तो शेतकरी आहे, हे विसरू नका. ते शिरोलीला आले तर त्या शेतापासून लांब जातील.

पेरणीयंत्र_बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. माझं यंत्र जे काही सुधारलं ते बार्शीजवळच्या वैरागच्या काळ्या रानात बंद पडल्यावर सुधारलं, हे खरंच आहे.

गाळा घेत नाही. त्याऐवजी दिवाळीनंतर तीन आठवडे मी आणि माझा फिटर उद्यमनगरात खोली घेऊन राहतो. तडकलेली दोन घरं सोबत आणतो, एक कापून ठेवतो. फाउंड्रीशी नगावर भाव बोलतो, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे चांगल्या नगामागे मोल्डरला वेगळे पैसे. काका, पॅटर्न तुमच्याकडेच करायचा आहे, आणि या वेळी फुकट नको.

पॅटर्नवाला_उद्यमनगर

या. येताना ड्रॉइंग आणाच, पण ट्रॅक्टरला यंत्र जोडलेला, तडा गेला त्या वेळचा फोटो असेल तर तो आधी पाठवा. ताण कुठल्या बाजूनं येतो ते त्यात दिसेल.