मदत हवी आहे: बल्क कूलरच्या (संकलन केंद्रावर दूध थंड ठेवणारी टाकी) आकड्यांतून धोक्याचा इशारा वरपर्यंत कधी जाऊ द्यावा?

दूध संघाच्या संकलन केंद्रांसाठी ब्रिटिश व्यवस्थापन-शास्त्रज्ञ स्टॅफर्ड बिअरचे तीन निर्देशांक वापरून रोजचा तक्ता बनवतोय. एका केंद्राचं उदाहरण देतो. प्रत्यक्ष संकलन ३,२०० लिटर, आहे त्या वीज-टँकरवर शक्य ४,००० आणि टँकरची दुसरी फेरी मिळाली तर ५,०००. म्हणजे उत्पादकता (प्रत्यक्ष ÷ आज शक्य) ०.८०, सुप्त क्षमता (आज शक्य ÷ दुसऱ्या फेरीने शक्य) ०.८० आणि दोन्हींचा गुणाकार, एकूण कामगिरी ०.६४. इथवर ठीक.

घोळ मधल्या आकड्याचा आहे. ४,००० वर्षभर कायम ठेवले तर कृश काळात, म्हणजे दूध कमी येतं त्या एप्रिल-मेमध्ये, रोजच बोंब. दर आठवड्याला बदलले तर उत्पादकता कायम एकच्या आसपास, मग इशारा येणार कधी? ऋतुमानाप्रमाणे हा आकडा कोणी कसा बांधलाय?

दुसरं म्हणजे मुदत. बिअरनेच आखलेल्या चिलीच्या सायबरसिन प्रकल्पात (सरकारी कारखान्यांचे आकडे संगणकाने तपासण्याची योजना, १९७१-७३) बिघाडाची सूचना आधी त्या कारखान्यालाच जावी अशी रचना होती. ठरल्या वेळात सुधारणा झाली नाही तरच वरच्या पातळीवर. तत्त्व पटतं, पण दूध ४ अंशांच्या वर गेलं तर हातात काही तासच असतात, संकलनातली घट मात्र आठवडाभर पाहता येते. प्रत्येक मापाला वेगळी मुदत ठेवता का? ती केंद्रचालकासोबत बसून ठरवता की संघाकडून येते? वरून लादली की तापमानाच्या वहीत सकाळ-संध्याकाळ छान ‘४’ उमटतो, तेही एकाच पेनाने.

एक्सेलचा नमुना असेल तर जरूर टाका.