मातीच्या इकॉलॉजीत पीएचडी करायचीये, इथेच की बाहेर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, एमएससी बॉटनीचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पुढे मातीच्या इकॉलॉजीतच काम करायचंय, म्हणजे नत्र-पालाश मोजणं नव्हे, तर बुरशी, जिवाणू, गांडुळं काडीकचरा कसा कुजवतात आणि त्यातला कार्बन मातीत किती टिकतो ते.

इंदूरजवळ सांवेरला मामाचं शेत आहे, काळी माती, सोयाबीन आणि मग गहू. गहू निघाला की आजूबाजूला सगळे नरवाई, म्हणजे शेतात उरलेलं काड, पेटवतात, मामाने ते बंद केलंय. पहिल्या पावसानंतर उकरून बघितलं तर मामाकडे कुजक्या काडाला बुरशीचे पांढरे धागे लागलेले, गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या, आणि बांधापलीकडे राखेची काळी पापडी, बस. आता प्रोजेक्टसाठी नायलॉन जाळीच्या पिशव्यांत गव्हाचं काड तोलून भरून दोन्हीकडे पुरलंय, टप्प्याटप्प्याने काढून, धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून किती वजन घटलं ते बघायचं. हे इतकं आवडतंय की दुसरं काही सुचत नाही.

इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डने १९२४ ते १९३१ इथेच राहून कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, आणि मला इथे या विषयाला गाईड सापडत नाहीये, फार वाईट वाटतं. बॉटनीवालीला मृदाशास्त्रात घेतात का? पीएचडीच्या प्रवेशासाठी नेट परीक्षा द्यावी की गेट? घरून परदेशाचा खर्च झेपणार नाही, तरी बाहेर जाता येतं का? कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

उत्तर:
अगं, विषय एकदम पक्का आहे तुझा, सोडू नको. कृषी विद्यापीठात मृदाशास्त्राच्या पीएचडीला सहसा कृषीचीच डिग्री मागतात, तिकडे फार वेळ घालवू नको. पण भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेत प्रोजेक्टवरच्या जागा निघतात त्या बघत राहा. देशभरातले दीर्घकालीन खत प्रयोग तिथूनच चालवतात, जबलपूरला तर १९७२ पासून सोयाबीन-गव्हावर काळ्या मातीतच चालू आहे, तुझ्या कामाला याहून जवळचं काय असणार! नेट लाइफ सायन्सेस आणि गेटचा इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन, दोन्ही दे. नेटमधून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० फेलोशिप असते. बेंगळुरूला आयआयएससीचं इकॉलॉजी सेंटर आहे, तिथे स्पीतीतल्या चराईचा मातीतल्या कार्बनवर काय परिणाम होतो यावर काम झालंय.

अमेरिकेत पीएचडीला बहुतेक वेळा असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामात मदत) मिळते, फी माफ आणि वर स्टायपेंड, पण आधी तुला घ्यायला एखादा प्रोफेसर तयार व्हावा लागतो. कॅन्ससच्या कोन्झा प्रेअरीत कुरणं ठरवून जाळतात आणि मातीत काय बदलतं ते कित्येक दशकं मोजतायत, तिथल्या लोकांचे पेपर आधी वाच. अर्ज डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यामुळे मेल ऑगस्टपासूनच सुरू कर. मेलमध्ये आयुष्याची कहाणी नको, त्या पिशव्यांचं आणि तुला पडलेल्या प्रश्नाचं लिही.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा! कोन्झाचं माहीतच नव्हतं, आजच वाचायला घेते. मेलचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते, तेवढा बघाल का?