मदत हवी आहे: नाकातून स्कोप घालायला शिकतेय, नाकाची ॲनाटॉमी कशी पक्की करू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी स्पीच थेरपिस्ट, कोल्हापुरातच, बीएएसएलपी करून पाच वर्षं झाली. आमच्याकडे फीस सुरू झालीय, म्हणजे नाकातून बारीक कॅमेरा घशापर्यंत सोडायचा आणि पेशंट गिळताना काय होतंय ते स्क्रीनवर बघायचं. (नातेवाईकांना 'उद्या फीस करायची' म्हटलं की 'किती भरायची?' विचारतात.) आजवर स्कोप ईएनटी सर घालायचे, मी घास द्यायचे आणि रिपोर्ट लिहायचे. आता सर म्हणतात तूच घाल, मी शेजारी उभा राहतो. चांगलंच आहे, खरं माझी तंतरलीय.

घसा मला येतो. व्हॅलेक्युला, पायरिफॉर्म सायनस, एरिटेनॉइड, झोपेतनं उठवलं तरी दाखवीन. सुरुवातीला गोंधळ व्हायचा कारण माझ्या पुस्तकातल्या चित्रात एपिग्लॉटिस (श्वासनलिकेवरची झाकणी) वर आणि स्क्रीनवर खाली, मग एक दिवस पुस्तकच उलटं धरलं तर डावं-उजवंपण जुळलं. ऐन गिळताना स्क्रीन पांढरी होते, तेव्हा आधी-नंतर घासात मिसळलेला हिरवा रंग कुठं साचला, व्होकल कॉर्डच्या खाली उतरला का, ठसका आला का, यावरनं ठरवायचं, तेही जमतं. अडतंय नाकात. कॉलेजात नाक म्हणजे उभ्या छेदाचं एक चित्र आणि अनुनासिक उच्चार, संपलं.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा स्कोप हातात घेतला. पॅरालिसिसचे आजोबा होते. नाकपुडी वर बघते म्हणून मीपण वरच नेला, मिडल टर्बिनेटला (टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरनं आत आलेल्या हाडाच्या वळकट्या, त्यातली मधली) टेकले असणार, त्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी, एक जबरी शिंक, आणि मग अडखळत म्हणतात, "पोरी, घसा खाली हाय, वर काय हुडकतीस?" सरांनी स्कोप घेतला, तळ धरून सरळ मागं नेला, झालं पण. मी घामानं चिंब.

तर विचारायचंय असं की डिसेक्शन हॉलमध्ये उभ्या कापलेल्या डोक्यावर टर्बिनेट प्रत्यक्ष बघता आले तर फरक पडेल का, आणि एमबीबीएस नसलेल्यांनी त्यासाठी कुणाला विचारायचं? फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या देहाचा टाळू तर हलत नाही. शिवाय आमचे निम्मे पेशंट इकोस्प्रिन नाहीतर क्लोपिडोग्रेलवर (रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या), घोळणा फुटला तर? पुण्या-मुंबईला जाऊन राहण्याएवढी सुट्टी मिळत नाही हो.

कानघसावाला:
ताई, नाकपुडी फसवते, सगळ्यांनाच. आतला तळ वर चढत नाही, टाळूला समांतर सरळ मागं जातो, कानाच्या पाळीच्या दिशेनं. वाटा दोन, इन्फिरिअर म्हणजे खालच्या टर्बिनेटच्या खालून तळावरनं, नाहीतर इन्फिरिअर आणि मिडलच्या मधनं. नाकाचा मधला पडदा वाकडा असेल तर दुसरी बघायची, नाहीतर सरळ दुसरी नाकपुडी. आधी थंड स्पॅच्युला नाकाखाली धरा, ज्या बाजूला वाफ मोठी उमटते ती बाजू मोकळी. टाळूपाशी अडलं की तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला सांगा किंवा 'म्म्म' म्हणायला लावा, टाळू खाली येतो आणि वाट उघडते. सगळं गुलाबी दिसलं म्हणजे स्कोप भिंतीला टेकला, तेव्हा ढकलायचं नाही, मागं घ्यायचं.
घोळणा बहुतेक वेळा पुढंच फुटतो, पडद्यावरच्या लिटल्स एरियात (बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं तिथं), तिथं घासू नका. गोळ्या चालू आहेत म्हणून फीस सरसकट टाळत नाहीत, खरं सरांना आधी सांगायचं आणि गोळी स्वतःहून बंद करायला सांगायची नाही. फुटलाच तर पुढं वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा, मान मागं नाही.
कॅडॅव्हर (डिसेक्शनचा मृतदेह) जरूर बघा. टाळू नाही हलला तरी टर्बिनेट आणि पडदा यांच्यामधली फट किती चिंचोळी ते बोटाला कळतं. सरांचंच पत्र घेऊन मेडिकल कॉलेजातल्या ॲनाटॉमीच्या एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटा.

मिरजकरीण:
मीपण तुझ्याच लाईनीतली. ही तपासणी १९८८ साली मांडणाऱ्या सुझन लँगमोर स्पीच पॅथॉलॉजिस्टच, त्यामुळं 'हे आपलं काम न्हवं' हे डोक्यातनं काढ. फक्त हॉस्पिटलकडनं लेखी परवानगी घे, तोंडी नको. सरांच्या ओपीडीत नाकाच्या एंडोस्कोपीला नुसती मागं उभी रहा, वीस नाकं बघितलीस की वाकडा पडदा ओळखीचा होतो. आणि बुटाच्या खोक्याला भोकं पाडून आत अक्षरं चिकटव, स्कोप घालून वाचत बस. अंगठा आणि मनगट तिथंच सुटतं. पेशंटच्या आधी मात्र धडधाकट माणसाचं नाक.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! कानाच्या पाळीचं डोक्यात फिट बसलं. खोकं काल केलं, 'क' वाचायला चार मिनिटं लागली 😅 धडधाकट नाकासाठी नवऱ्याला विचारलंय, सर समोर असतील म्हटलं तरी 'विचार करून सांगतो' म्हणालाय. पत्र सोमवारी मागते. एक राहिलं, तुम्ही बधिर करायचं लिग्नोकेन जेल स्कोपला लावता की नाकपुडीत? सर अगदी एवढंसंच लावतात, घसा बधिर झाला तर गिळणंच बिघडलेलं दिसेल म्हणून, खरं मग पेशंट कळवळतो.