लॅपटॉपची रॅम जर्मनीतच वाढवावी की फेब्रुवारीत घरी आल्यावर?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, मी मूळची नाशिकची, सध्या श्टुटगार्टला जिओइन्फॉर्मेटिक्समधे मास्टर्स करतेय, शेवटचं सेमिस्टर आहे आणि मार्चअखेर थीसिस द्यायचाय. लॅपटॉप इथे यायच्या आधी २०२२ मधे नाशिकला घेतलेला, रायझन ५ ५५००यू, ८ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी. आतापर्यंत काही तक्रार नव्हती पण थीसिससाठी लायडारचा, म्हणजे लेझरने मोजलेल्या जमिनीचा डेटा घेतलाय आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे त्याच्या दोन-तीन टाइल (तुकडे) एकदम उघडल्या की माउसचा बाण अडकतो, पंखा जोरात सुरू होतो आणि स्क्रीन पांढरट होऊन नॉट रिस्पॉन्डिंग. परवा रात्री साडेअकराला एक प्रोसेसिंग लावून झोपले, सकाळी उठून बघते तर ६२ टक्क्यांवर सगळं बंद पडलेलं. रडूच आलं.

आता रॅम वाढवायची हे नक्की, पण कुठे? फेब्रुवारीत चुलतबहिणीच्या लग्नाला १२ दिवस नाशिकला जातेय. बाबा म्हणतात इकडे आल्यावर करू, तिकडे कशाला युरोत पैसे घालवतेस, नाहीतर मी इथून घेऊन कुरियर करतो. त्यांचंही बरोबर आहे, या राज्यात आम्हाला सेमिस्टरला १५०० युरो फी आहे आणि व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ येतात त्यात भाडं, विमा, जेवण सगळं बसवायचं, त्यामुळे शंभर युरो म्हणजे माझ्यासाठी विचार करायची गोष्ट आहे. शिवाय इथली रॅम भारतातल्या लॅपटॉपला चालते का, आणि दुकानात उघडून बसवून द्यायचे ते वेगळे किती घेतील? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

रानवारा

पैसे काढायच्या आधी रॅमच कमी पडतेय का ते बघ. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समधे मेमरी. क्यूजीआयएस अडकलेलं असतानाच बघायचं, रिकामं असताना नाही. वर किती वापरली ते दिसेल, खाली कमिटेड असा आकडा असतो, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी, तो जर तुझ्या रॅमच्या बराच वर गेलेला असेल तर उरलेला डेटा एसएसडीवर टाकला जातोय, म्हणून अडकतं. तिथेच स्पीड, स्लॉट किती वापरलेत आणि फॉर्म फॅक्टर लिहिलेलं असतं, ते इथे टाक. फॉर्म फॅक्टरला रो ऑफ चिप्स असं असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे काढता न येणारी असते, एसओडिम असेल तर स्लॉटमधली काढता येणारी स्टिक.

गोदाकाठची

बघितलं. एकूण ७.४ दाखवतो आणि त्यातले ७.१ वापरात, कमिटेड १५.८ पर्यंत गेलं. डिस्क पूर्ण १०० टक्के. स्पीड ३२००, फॉर्म फॅक्टर एसओडिम, पण स्लॉट २ पैकी २ वापरलेले असं येतंय. म्हणजे दोन्ही भरलेत, जागाच नाही ना?

नेकारकाठचा

गोदाकाठची, मी तुझ्याच गावात १४ वर्षं आहे आणि स्वतःचे, बायकोचे, मुलांचे मिळून सहा-सात लॅपटॉप उघडले असतील, तेव्हा थोडं लांबलचक लिहितो.

दोन्ही भरलेत याने घाबरू नकोस. या किमतीच्या पातळ लॅपटॉपमधे बरेचदा ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि ४ ची एक स्टिक स्लॉटमधे, विंडोज दोन्ही मोजून दोन स्लॉट म्हणतं. सोल्डरची तशीच राहते, स्लॉटमधली काढून मोठी घालता येते. कंपनीच्या साइटवर खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून मेंटेनन्स मॅन्युअल उतरवून घे, त्यात स्लॉट कुठे आहे आणि कुठले स्क्रू आहेत ते चित्रासकट असतं.

रॅमला देश नसतो. तुझी डीडीआर४ (ही रॅमची पिढी), लॅपटॉपची एसओडिम, २६० पिनांची, १.२ व्होल्टची, ती नाशिकला घे नाहीतर श्टुटगार्टला, तीच वस्तू. डीडीआर५ चुकून मागवू नकोस, तिची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही.

आता किती घ्यायची. ८ घेतलीस तर १२ होतील, १६ घेतलीस तर २०. तुझं कमिटेड आत्ताच १६ च्या आसपास आहे म्हणजे १२ ने तुझं काम होणार नाही, पुन्हा अडकेल. पण मॅन्युअलमधे बहुतेक कमाल १२ जीबी लिहिलेलं असेल. कंपनी स्वतः तपासून पाहिलेला आकडा छापते, तुझा प्रोसेसर स्वतः त्याहून कितीतरी जास्त रॅम घेतो आणि अशा लॅपटॉपमधे ४ अधिक १६ चालवणारे पुष्कळ आहेत. तरी तुझ्या बोर्डावर चालेलच अशी खात्री स्टिक घालून बघितल्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही.

आणि म्हणूनच मी म्हणतो इथेच घे, ती पण ऑनलाइन. इथे दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात आल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, कायद्यानेच. दुकानात जाऊन घेतलीस तर तो हक्क नाही, परत घ्यायची की नाही ते दुकानाच्या मर्जीवर. घातली, २० दिसले, दोन दिवस काम करून बघितलं, ठेवली. नाही दिसले तर पुन्हा नीट पॅक करून पाठवून द्यायची, परतीचं पोस्टेज कदाचित तुला पडेल, आधी अटी वाच. शिवाय विकणाऱ्यावर दोन वर्षं जबाबदारी असते ते वेगळं.

कुरियरचं बाबांना नको सांग. घरून आलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत कर नाही, त्याच्या वर गेलं की त्सोल, म्हणजे इथले कस्टम्स, पाकीट अडवू शकतात, मग कर भर, बिलं दाखव, कधीकधी स्वतः ऑफिसात जाऊन सोडवून आण. थीसिसच्या दिवसांत त्याच्यामागे कोण धावणार?

पुणेरी_सोल्डर

मी पुण्यात तपकीर गल्लीजवळ लॅपटॉप रिपेअरिंगचं काम करतो, नऊ वर्षं झाली. काकांचं म्हणणं पटलं पण एक बाजू राहिली. आपल्याकडे लॅपटॉप घेऊन काउंटरवर आलात तर आम्ही १६ ची लावून चालू करून दाखवतो, दिसली तर पैसे द्या नाहीतर ८ ची लावू, दहा मिनिटांचं काम, बसवायचे वेगळे पैसे बहुतेक दुकानदार घेतही नाहीत. त्यामुळे चालेल की नाही ही भीती इथेही नाही. नाशिकलाही अशी दुकानं आहेतच.

पण स्वस्त मिळेल म्हणून थांबणार असाल तर थांबू नका ताई. वर्षाच्या सुरुवातीपासूनचा फरक मी रोज बघतोय, गिऱ्हाइकाला भाव सांगताना मलाच कसंतरी होतं. कारखाने एआयच्या सर्व्हरला लागणाऱ्या मेमरीकडे वळलेत आणि डीडीआर४ तर मोठ्या कंपन्या बंदच करत आणतायत. आता ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशलचा, म्हणजे त्यांच्या ग्राहकांसाठीच्या रॅम-एसएसडीच्या ब्रँडचा माल दुकानांना फेब्रुवारी २०२६ पर्यंतच देणार. त्यामुळे फेब्रुवारीत इथे काय भाव असेल ते मी आज लिहून देऊ शकत नाही, उतरलेला नसेल असं मला वाटतं.

आणि हो, लग्नाचं घर म्हटल्यावर १२ दिवसांतले तुमच्या हातात किती राहतात तेही बघा. मला दरवर्षी परदेशातून आलेली मुलं विमानाच्या आदल्या संध्याकाळी लॅपटॉप आणून देतात आणि आत्ता करून द्या म्हणतात. तेव्हा काही बिघडलं तर दुरुस्त करायला रात्र पुरत नाही.

म्युनिकवाली

मी जरा उलट सांगते. थीसिस चालू असताना लॅपटॉपला हातच लावू नकोस असं माझं मत होतं आणि आहे. युनिव्हर्सिटीतले पूलमधले, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले कॉम्प्युटर बघितलेस का? तुझ्या इन्स्टिट्यूटमधे ३२ किंवा ६४ जीबीचं एखादं वर्कस्टेशन नक्की असेल, गाइडला मेल टाक, रिमोट अ‍ॅक्सेस मागून घे. मी संकोचाने चार महिने विचारलं नाही, जेव्हा विचारलं तेव्हा त्याच दुपारी मिळालं. जड काम तिकडे लाव, लिखाण आपल्या लॅपटॉपवर.

तरीही उघडणारच असशील तर एक गोष्ट आधी कर, माझ्यावर आलेली वेळ तुझ्यावर नको. बिटलॉकर. हे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. विंडोज ११ मधे बरेचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आपल्याला माहीतही नसतं. बॅटरी काढून लावली की काही लॅपटॉप पुढच्या वेळी निळी स्क्रीन दाखवून ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतात. ती की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर असते, त्या अकाउंटला माझा भारतातला नंबर जोडलेला, तो रिचार्ज न केल्यामुळे बंद, मग ओटीपी येणार कुठे? आईला दुकानात पाठवून सिम चालू करून घेईपर्यंत तीन दिवस माझा सगळा डेटा समोर असून कुलुपात. तेव्हा आधी अकाउंटमधे लॉगिन कर, की कागदावर उतरव, इकडचा नंबर जोड आणि थीसिसचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घे. मग स्क्रूड्रायव्हर हातात घे.

गोदाकाठची

ताई, खरंच थँक्यू, आत्ता उघडून बघितलं तर माझ्याही अकाउंटला जुना नाशिकचाच नंबर आहे! आजच बदलते. गाइडना पण मेल टाकलाय. काका, वापरलेली घेतली तर? क्लाइनआनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर इथल्याच बाड कानश्टाटला एकजण ५५ ला १६ ची देतोय, नवीन मला ९० च्या वरच दिसतेय.

नेकारकाठचा

वापरलेली रॅम वाईट नसते, तिच्यात झिजायला काही नाही. पण खासगी माणसाकडून घेतलीस की परत करायचा हक्क गेला, आणि तुझा सगळा प्रश्नच मुळी १६ ची चालेल का हा आहे. त्याला विचार की लॅपटॉप घेऊन येते, तुमच्या दारातच लावून बघू का. हो म्हणाला तर घे, नाही म्हणाला तर नवीन घे. माझ्याकडे छोटे स्क्रूड्रायव्हर आणि प्लास्टिकची पट्टी आहे, शनिवारी ये घरी, बायको पोहे करेल.

गोदाकाठची

अपडेट देते, उशीर झाला सॉरी. बाड कानश्टाटवाला लावून बघायला नाही म्हणाला, म्हणून नवीन मागवली, ९४ युरो, गुरुवारी आली आणि शनिवारी काकांकडे गेले. मागचं झाकण काढायलाच वीस मिनिटं गेली, दहा स्क्रू आणि त्यातला एक रबराच्या पट्टीखाली लपलेला, मग पट्टी फिरवत एकेक क्लिप कट कट करत सुटते. आधी बॅटरीची वायर काढली. आत खरंच एक छोटी हिरवी ४ जीबीची स्टिक होती. दोन्ही बाजूच्या पत्र्याच्या चिमट्या बाहेर दाबल्या की ती आपोआप तिरकी वर येते, नवीन तशीच तिरकी सरकवायची आणि खाली दाबायची, टक असा आवाज येतो. पहिल्यांदा मी पुरती आत सरकवलीच नव्हती, सोनेरी कड दिसत होती, काकांनी दाखवलं.

चालू केल्यावर अर्धा मिनिट काळी स्क्रीन, माझा श्वास अडकलेला, आणि मग निळी! रिकव्हरी की मागितली!! म्युनिकवाली ताई, तुम्हाला किती दुवा देऊ, कागद खिशातच होता, आकडे टाकले आणि विंडोज सुरू. मेमरी १९.४.

तेच ६२ टक्क्यांवर मेलेलं काम रात्री पुन्हा लावलं, यावेळी शेवटपर्यंत बघत बसले, दोन तास दहा मिनिटांत पूर्ण झालं आणि कमिटेड १७ च्या वर गेलंच नाही. वर्कस्टेशनचा अ‍ॅक्सेस पण जानेवारीपासून देतो म्हणालेत, सगळ्या टाइल एकत्र तिकडे लावीन. बाबांना फोन करून सांगितलं, ते आधी किती पडले तेच विचारत होते, मग म्हणाले काम झालं ना, बास.

जुनी ४ ची स्टिक नव्या स्टिकच्या डबीत घालून ठेवलीये आणि अजून नऊ दिवस तरी ती डबी आणि बिल टाकणार नाहीये.