तांब्याच्या सळयांना जमिनीतला धातू खरंच कळतो का?

बिडाची लाइन (धागा सुरू करणारे)

जुन्या वस्तीत पाण्याची लाइन शोधायची असते. नकाशा मिळत नाही, लोकेटर (लाइनीतला विद्युत संकेत जमिनीवरून पकडणारं यंत्र) भाड्याने आणायचा तर पैसा आणि वेळ दोन्ही जातं. मग कुणीतरी तांब्याच्या दोन काटकोनी सळया घेऊन पुढे येतो, रस्ता आडवा चालतो, सळया एकमेकींवर येऊन कात्री झाली की तिथे चुन्याची रेघ मारतो आणि त्या रेघेवर जेसीबी लागतो. पाणाडे पाण्यासाठी जे करतात तेच आता बिडाचे पाइप, जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) लाइनी, केबल आणि अगदी गुप्तधनासाठीही चालतं. माझं मत स्पष्ट आहे: सळईला धातू कळत नाही, आणि तिच्या भरवशावर खोदणं धोक्याचं आहे.

सळई फिरते हे खरं आहे आणि धरणारा मुद्दाम फिरवतो असंही नाही. का फिरते ते बघा. साधारण ४ मिलिमीटर जाडीची तार, लांब बाजू ४० सेंटिमीटर, मुठीतली १५. मुठीतली बाजू ओळंब्यात अगदी उभी असेल तर लांब बाजू कुठेही थांबू शकते. म्हणून धरणारा मूठ किंचित पुढे झुकवतो, समजा २ अंश, म्हणजे सळई समोर स्थिर राहते. आता तीच मूठ आतल्या बाजूला २ अंश कलली की सर्वांत खालची दिशा बदलते आणि टोक ४५ अंश आत वळतं. दोन्ही हातांचं असं झालं की कात्री झाली. २ अंश म्हणजे १५ सेंटिमीटरच्या मुठीत वरच्या आणि खालच्या टोकात जेमतेम ५ मिलिमीटरचा फरक. चालताना खांदा आखडला, नजर खाली गेली, तेवढ्यात हे होऊन जातं आणि धरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मनातल्या कल्पनेने नकळत होणाऱ्या स्नायूंच्या हालचालींबद्दल लिहिलं, ते हेच.

बरेच जण मुठीत पेनची नळी किंवा पीव्हीसीचा तुकडा घालतात, ‘आता हाताचा संबंधच नाही’ म्हणून. नळीने फक्त बोटांचा पीळ जातो, मुठीचा कल तसाच राहतो. उलट घर्षण कमी झाल्यामुळे सळई त्या कलाला जास्तच लवकर दाद देते.

सळईधारक

यंत्राचा हिशेब पटला, निष्कर्ष पटला नाही. हात नकळत हलतो, ठीक आहे. पण हात *तिथेच* का हलतो? तुम्ही काटा का फिरला ते सांगितलंत, काट्याला कुणी सांगितलं ते नाही. शरीराला काहीतरी जाणवतं आणि सळई ते मोठं करून दाखवते, एवढंच आमचं म्हणणं आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांमध्ये ही पद्धत पाचशे वर्षांपूर्वीपासून आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या पाणी कंपन्यांचे कर्मचारी गळती आणि लाइन शोधायला अजूनही सळया वापरतात, हे २०१७ मध्ये त्या कंपन्यांनीच सांगितलं. ही माणसं रोज खोदतात. काम होत नसतं तर सळया कधीच फेकल्या असत्या.

आणि पद्धत नीट सांगा. एकदा चालून कात्री झाली म्हणजे लाइन सापडली असं कुणी जाणकार म्हणत नाही. एका बाजूने चालायचं, खूण करायची, उलट बाजूने यायचं, पुन्हा खूण करायची, दोन्ही खुणांचा मध्य धरायचा. मग ३ मीटर पुढे सरकून तेच. तीन मध्य एका रेषेत आले तरच लाइन.

व्हॉल्व्ह चेंबर

सळईधारक, तुम्ही सांगितलेल्या पद्धतीतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिली खूण झाली की दुसरी कुठे यायला हवी हे चालणाऱ्याला माहीत झालं. तिसरी रेषेत येणार नाही तर काय होईल?

हात तिथेच का हलतो तेही सांगतो. लाइन रस्त्याला समांतर जाते, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये सरळ जाते, घरांच्या जोडण्या कुठून वर येतात ते मीटरवरून दिसतं. जुना चर खचलेला असतो, डांबरावर लांबट ठिगळ असतं, गळती असेल तर एका पट्ट्यातलं गवत हिरवं असतं. अनुभवी फिटरच्या डोळ्यांनी हे सगळं आधीच टिपलेलं असतं. ६ मीटर रुंदीच्या गल्लीत मागे-पुढे अर्धा मीटर चुकीची मुभा दिली तर डोळे मिटून दगड टाकणाराही सहातून एकदा बरोबर येतो. चेंबरची झाकणं दिसत असतील तर फिटर सळईशिवायही बहुतेक वेळा बरोबर सांगेल. श्रेय सळईला जातं, ते फिटरला जायला हवं.

नाणेशोध

या पाचशे वर्षांबद्दल थोडं. तेव्हा सळईऐवजी झाडाची दुबेळकी फांदी धरत. १५५६ मध्ये छापलेल्या आग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या खाणकामावरच्या ग्रंथात या फांदीचं वर्णन आहे. चांदीला हेझेल, तांब्याला अ‍ॅश, शिसं आणि कथलासाठी पाइन, सोन्याला लोखंड किंवा पोलाद, अशी यादीच आहे. पण खऱ्या खाणकामगाराला या फांदीची गरज नाही, त्याने शिरेच्या नैसर्गिक खुणा ओळखाव्यात, हेही त्याच ग्रंथात आहे. परंपरेचा दाखला देणारे ही दुसरी बाजू गाळतात.

माझा खरा राग त्या ‘लाँग रेंज लोकेटर’ विकणाऱ्यांवर आहे. मूठ, तिच्यावर बिजागरीवर फिरणारी अँटेना, पेटीत एक सर्किट, आणि दावा काय, तर शेकडो मीटरवरून सोनं दाखवतो. अँटेनेची बिजागरी म्हणजे वर सांगितलेली पेनची नळीच. खऱ्या मेटल डिटेक्टरमध्ये नाण्याएवढ्या वस्तूवरून कॉइलकडे (तारेच्या वेटोळ्याकडे) परत येणारा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट झालं की संकेत चौसष्टावा हिस्सा. म्हणूनच ११ इंची कॉइलच्या चांगल्या डिटेक्टरला रुपयाचं नाणं २०-२५ सेंटिमीटरपर्यंत मिळतं, त्यापुढे अवघड. कोकणच्या जांभ्यात आणि देशावरच्या बेसाल्टच्या खड्यांत तेवढंही नाही, कारण मातीतलं लोहच संकेत देतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा संकेत वजा करायची जुळणी, नीट केला नाही तर यंत्र सतत कुरकुरतं आणि लोक ते ‘धन’ समजून खोदतात. तांब्याच्या हंड्यासारखी मोठी वस्तू मोठ्या कॉइलने मीटरभर खाली लागू शकते. दहा मीटर खालचा हंडा हातात धरायच्या कुठल्याच उपकरणाला दिसत नाही.

हेच बिजागरीचं तत्त्व ‘एडीई ६५१’ नावाने इराकच्या तपासणी नाक्यांवर बॉम्ब शोधायला विकलं गेलं. गाड्या त्यावरून सोडल्या गेल्या आणि स्फोट होत राहिले. विकणाऱ्या जिम मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच जातीच्या ‘जीटी २००’ची थायलंड सरकारने २०१० मध्ये चाचणी घेतली, तेव्हा २० पैकी ४ वेळा बरोबर आलं. तिथल्या सैनिकांचा या यंत्रावर मनापासून विश्वास होता. विश्वासाने स्फोटकं सापडली नाहीत.

गुप्तधनाच्या नादी लागणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे.

कात्री

बॉम्बची यंत्रं आणि फिटरची सळई एका तागडीत घालू नका. एकात फसवून विकणं आहे, दुसऱ्यात चाळीस रुपयांची तार.

लोकेटरवाल्यांनीही आपली बाजू पूर्ण सांगावी. डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बिडाच्या) पाइपच्या प्रत्येक सांध्यात रबराची रिंग असते, संकेत तिथेच मरतो. एचडीपीई आणि पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपांबद्दल लोकेटर काहीच सांगत नाही. एकाच चरात पाण्याची लाइन आणि वीज केबल असेल तर संकेत केबलवर उडी मारतो आणि ऑपरेटर केबललाच पाइप समजतो. ग्राउंड रडार (जमिनीत रेडिओ लहरी सोडून शोधणारं यंत्र) काळ्या ओल्या मातीत मीटरभरही उतरत नाही. मग फिटरने काय करायचं?

आणि म्यूनिकच्या प्रयोगांबद्दल कुणीच का बोलत नाही? १९८७-८८ मध्ये शास्त्रज्ञांनीच घेतलेल्या त्या चाचण्यांत काही मोजक्या लोकांची कामगिरी योगायोगापलीकडची होती असा निष्कर्ष निघाला. सगळ्यांना जमत नाही, काहींना जमतं. गाण्याचा गळाही सगळ्यांना नसतो.

बिडाची लाइन

म्यूनिकबद्दल बोलू. धान्याच्या कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवर ठेवून १० मीटरच्या रेषेवर सरकवला जायचा, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाने तो कुठे आहे ते सांगायचं. आधी सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले होते, एकूण ८४३ चाचण्या झाल्या. आयोजकांनी त्यातले मूठभर यशस्वी ठरवले. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासली. एका मालिकेत चमकलेला माणूस दुसऱ्या मालिकेत साधारण ठरत होता, आणि सर्वोत्तम ठरवलेल्यांनाही, दरवेळी डोळे झाकून ‘मध्यावर’ म्हणणाऱ्यापेक्षा म्हणावा असा फायदा नव्हता. गळा असलेला माणूस दुसऱ्या दिवशीही सुरात गातो. १९९० मध्ये जर्मनीतल्याच कासेलला सुमारे ३० जणांची चाचणी झाली: ५० सेंटिमीटर खोल पाइप, त्यात पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. सगळ्यांनी आधी चाचणी न्याय्य असल्याचं लिहून दिलं होतं. निकाल नाणेफेकीइतकाच.

लोकेटरच्या अडचणी तुम्ही अचूक सांगितल्यात, पण त्यांवर उपाय आहेत. बिडाच्या जुन्या लाइनीचे शिशाचे सांधे वीज चांगली वाहून नेतात. व्हॉल्व्हच्या स्पिंडलला (फिरवायच्या दांड्याला) ट्रान्समीटरची, म्हणजे लोकेटरच्या संकेत सोडणाऱ्या पेटीची, लाल वायर लावा, काळी वायर लाइनीच्या काटकोनात ५-६ मीटर लांब खुंटीला लावा, खुंटीपाशी पाणी ओता, आणि ५१२ हर्ट्झसारखी कमी वारंवारिता वापरा. ती दूर जाते आणि शेजारच्या केबलवर कमी उडी मारते. घाईत ३३ किलोहर्ट्झ लावून वायर न जोडता वरूनच इंडक्शनने संकेत सोडला की चुका तिथेच सुरू होतात. डीआयच्या रबरी सांध्यावरून जायला ६५ किलोहर्ट्झच्या आसपास जावं लागतं, तेही थोड्या अंतरापुरतं. एचडीपीई टाकतानाच वर ट्रेसर वायर, म्हणजे लोकेटरला सापडेल अशी तार, टाकायची. खोली पडताळायची असेल तर रिसीव्हर जमिनीपासून बरोबर ५० सेंटिमीटर वर उचला. दाखवलेली खोलीही ५० सेंटिमीटरनेच वाढली पाहिजे. तशी वाढली नाही तर संकेत वाकडा झालाय, तो आकडा सोडा.

लोकेटर चुकला की त्याची चूक अशी पकडता येते. सळई चुकली हे खड्डा झाल्यावरच कळतं.

सळईधारक

कासेलचा पाइप प्लॅस्टिकचा, प्रश्न वाहत्या पाण्याचा. इथे विषय धातूचा आहे. बीड आणि लोखंड पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वाकवतात, हे तुम्हीही नाकारणार नाही. शरीराला तो फरक जाणवत असेल तर?

नाणेशोध

आकडे घेऊन बघू. आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग साधारण ३८,००० नॅनोटेस्ला (क्षेत्र मोजायचं एकक). जमिनीतल्या लोखंडी पाइपने समजा १,००० नॅनोटेस्लाचा आडवा फरक पडला, तर होकायंत्राची सुई जेमतेम दीड अंश हलेल. ज्या सुईचं कामच चुंबकत्व दाखवणं आहे ती दीड अंश, आणि तांब्याची सळई, जिला चुंबक ओढतच नाही, ती ४५ अंश? बरं, शरीराला एवढा फरक जाणवत असता तर खिशातला मोबाइल, कमरेची बकल, शेजारून जाणारी मोटारसायकल यांनी सळई दिवसभर नाचली असती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजमापं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवावी लागली आणि तिथली इमारत पोरबंदरच्या चुंबकत्वहीन दगडात बांधली. चुंबकीय फरक खरोखर मोजायचा तर लोखंडापासून इतकं लांब जावं लागतं.

व्हॉल्व्ह चेंबर

केबलचं मात्र ठासून सांगतो. भारतीय मानकानुसार ११ केव्हीची केबल किमान ९० सेंटिमीटर खोल हवी, लो टेन्शन ७५. प्रत्यक्षात वर भराव झाला किंवा रस्ता तासला गेला की ही खोली बदलते. सळईने ‘इथे काही नाही’ म्हटलं म्हणून पहार मारू नका. २०२३ पासूनच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅपवर आधी कळवा. मग लोकेटर ५० हर्ट्झवर, म्हणजे विजेच्याच वारंवारितेवर, फिरवा. पण तिथेही सांभाळा: भार नसलेली किंवा तिन्ही फेज समतोल असलेली केबल या मोडमध्ये जवळजवळ गप्प असते. शेवटी हाताने चाचणी खड्डा, फावड्याने, थर काढत. विटांचा थर किंवा इशाऱ्याची पट्टी दिसली की तिथेच थांबा.

कात्री

केबलबाबत एकशे एक टक्के सहमत, तिथे सळई नकोच. पाइपबाबत मत तेच आहे. चाचणी घ्या. पण प्लॅस्टिक नको. खरा ३ इंची बिडाचा पाइप, मातीवर चालत.

बिडाची लाइन

मान्य. धातूचीच घेऊ. मोकळं मैदान, आधी लोकेटरने तपासलेलं, खाली काही नाही याची खात्री केलेलं. १० मीटरची रेषा, दर मीटरला क्रमांक. दहाही जागी ३० सेंटिमीटर खोल सारखाच खड्डा, वर सारखीच लाकडी फळी आणि सारखी माती, म्हणजे खचलेल्या चराची खूण कुठेच नाही. प्रत्येक फेरीला दहाही खड्डे उघडून पुन्हा झाकायचे, नाहीतर ताजी माती सांगून जाईल. झाकायला लोखंडी घमेली नकोत. १ ते १० चिठ्ठ्यांतून एक निघेल, त्या खड्ड्यात एक मीटरचा बिडाचा तुकडा.

पाइप ठेवणारे दोघे चिठ्ठी पाकिटात बंद करून सळईवाला येण्याआधी भिंतीआड जातील. चालणाऱ्यासोबतच्या नोंदणाऱ्यालाही जागा माहीत नसेल. सुरुवातीला पाच फेऱ्या उघड, पाइप डोळ्यांसमोर ठेवून: सळई तिथे फिरते ना, आज तब्येत आणि हवा ठीक आहे ना, हे तुम्हीच सांगायचं आणि सही करायची. मग ३० बंद फेऱ्या. नुसत्या नशिबाने ३ बरोबर येतील. ९ किंवा अधिक आल्या तर ते योगायोगाने घडायची शक्यता ५००त एक, तेव्हा मी सळईची बाजू घेईन.

कात्री

३० फेऱ्या एका दिवसात नकोत, हात थकतो. दहा-दहाच्या तीन बैठका. आणि फेरी संपल्यावर लगेच निकाल सांगा.

बिडाची लाइन

तीन बैठका चालतील. निकाल मात्र तिन्ही बैठका संपल्यावरच, सगळी पाकिटं एकदम उघडून. मध्येच कळलं तर हरणारा थांबतो आणि जिंकणारा पुढे जातो, मग ३०चा हिशेब राहत नाही.